ती बंद ओळ कोणाची?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"मी ६८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मूळ गाव सिन्नर तालुक्यात, राहायला नाशिकला गंगापूर रोडवर. गेली काही वर्षे घराण्याची वंशावळ करते आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या-आजोबा, मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि १९३२ साली बोटीने इंग्लंडला गेले, ते गेलेच. जाताना त्यांचे लग्न झालेले होते. काकी-आजी इथेच राहिल्या आणि १९७१ साली वारल्या. तात्या-आजोबांचे शेवटचे पत्र बर्मिंगहॅमहून, १९५८ चे. तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडला हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलत कोणी नसे. भाच्याने मला इंटरनेटवर १९३९ च्या एका ब्रिटिश रजिस्टरात त्यांचे नाव शोधून दिले. नाव, जन्मतारीख, धंदा इलेक्ट्रिकल फिटर, त्याखाली एका बाईचे नाव, आणि त्याच्याही खाली काळी पट्टी : 'ही नोंद अधिकृतपणे बंद आहे.' पट्टीखालचे नाव त्यांच्या मुलाचे असावे असे धरून मी तिथल्या एका कार्यालयाला पत्र लिहून त्या मुलाचा पत्ता मागितला, तर डेटा प्रोटेक्शनचा कायदा पुढे करून एका ओळीत नकार आला. आमच्याच रक्ताच्या माणसाची माहिती आम्हाला का मिळू नये? दुसरे असे की, मी केलेली वंशावळ एका संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी टाकली. जर्मनीतल्या पुतण्याने फोन करून 'माझ्या मुलींच्या जन्मतारखा आधी काढ' असे सुनावले. माझे काही चुकले का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आल्या त्या काकी-आजी. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. आधी ती काळी पट्टी.

दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने २९ सप्टेंबर १९३९ रोजी घरोघरच्या माणसांची नोंद केली. ओळखपत्रे द्यायची होती, पुढे रेशनही त्यावरच चालले. नंतर तेच रजिस्टर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने १९९१ पर्यंत वापरले. कोणी वारले, कोणा मुलीचे लग्न होऊन आडनाव बदलले, की कारकून त्या जुन्या ओळीवरच दुरुस्ती करायचा. हे दप्तर लोकांसाठी खुले करताना नियम असा ठेवला की जन्माला शंभर वर्षे झालेल्यांच्या ओळी उघड्या, ज्यांच्या मृत्यूची नोंद सापडली त्यांच्याही उघड्या, बाकीच्या झाकलेल्या. तात्या-आजोबा आणि त्या बाई यांच्या जन्माला शंभर वर्षे उलटली, म्हणून त्यांच्या ओळी तुम्हाला दिसल्या. खालची ओळ ज्याची आहे ते तेव्हा लहान मूल होते, आणि १९९१ पर्यंत त्याच्या मृत्यूची नोंद त्या पानावर चढलेली नाही. युद्धकाळात शहरातली मुले दुसऱ्यांच्या घरी ठेवत, त्यामुळे ते परक्याचे मूलही असू शकते. परदेशी गेलेल्यांच्या किंवा नाव नीट न जुळलेल्यांच्या ओळीही बंदच राहतात. तरी नवराबायकोच्या लगेच खाली ती ओळ आहे, तेव्हा त्यांचाच मुलगा किंवा मुलगी असण्याचा संभव मोठा. पट्टीने तुमच्यापासून नाव लपवले, पण एक गोष्ट सांगितलीही : ती व्यक्ती आज हयात असू शकते, नव्वदीच्या आसपास.

या रजिस्टराला एवढी किंमत का, तेही लक्षात घ्या. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ च्या जनगणनेची सगळी कागदपत्रे डिसेंबर १९४२ च्या आगीत जळाली. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली, पण तेव्हा तात्या-आजोबा सिन्नरलाच होते. आणि १९५१ ची उघडेल २०५२ मध्ये. त्यामुळे त्यांच्या तिकडच्या घराची नावानिशी खानेसुमारी तुम्हाला बघायला मिळेल ती या एकाच पानावर.

आता 'आमच्याच रक्ताच्या माणसाची' हा तुमचा मुद्दा. ताई, हा कायदा रक्त बघत नाही, माणूस हयात आहे की नाही एवढेच बघतो. युरोपचा डेटा संरक्षणाचा नियम, ज्याला सगळे जीडीपीआर म्हणतात, तो २५ मे २०१८ पासून लागू झाला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही त्याचीच आपली आवृत्ती ठेवली. मृत व्यक्तींना हा नियम लागू नाही असे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे, आणि कुळाच्या इतिहासाच्या संशोधनाचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे वारलेल्या माणसाची नोंद केवळ डेटा प्रोटेक्शन म्हणून कोणी नाकारत असेल, तर ते कारण चालत नाही आणि तुम्ही नम्रपणे 'कोणत्या कलमाखाली?' असे विचारू शकता. (जनगणनेची शंभर वर्षे ही वेगळी गोष्ट, ती जनगणनेच्या गोपनीयतेतून आलेली आहे.) पण तुम्ही वारलेल्याबद्दल विचारले नव्हते. तुम्ही एका हयात असू शकणाऱ्या माणसाचा पत्ता मागितला होता. नकार देणाऱ्या कारकुनाने दोन शब्द जास्त लिहायला हवे होते, पण नकार योग्य होता असेच मी म्हणेन.

का, ते आयर्लंडच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या सरकारने जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींची सूची इंटरनेटवर मोफत ठेवली होती, अगदी अलीकडच्या वर्षांसकट. वंशावळी करणारे खूश होते. २०१४ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतली आणि ती सूची काढावी लागली. कारण हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव एका जागी मिळत होते, आणि हेच दोन प्रश्न विचारून बँका फोनवर माणसाची ओळख पटवतात. पुढे नोंदी परत आल्या त्या मर्यादा घालून : जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्ने पंचाहत्तर, मृत्यू पन्नास. स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरही मूळ नोंदींच्या प्रतिमांना हेच आकडे आहेत. जर्मनीत जन्माला ११०, लग्नाला ८० आणि मृत्यूला ३० वर्षे. आकडे देशागणिक बदलतात. पण जन्माची मुदत सगळ्यांत लांब आणि मृत्यूची सगळ्यांत आखूड, हा क्रम या तिन्ही ठिकाणी सारखाच आहे, आणि त्यातूनच कळते की राखण कोणाची चालली आहे.

इंग्लंडचा मामला मात्र तुमच्या फायद्याचा आहे. तिथे १ जुलै १८३७ पासूनच्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींचा दाखला कोणीही, कोणाचाही, फी भरून मागवू शकतो. नाते सिद्ध करावे लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. गेल्या पन्नास वर्षांतल्या जन्माचा दाखला हवा असेल तेवढा जास्त तपशील विचारतात. तुम्ही पत्ता मागायला गेलात आणि हे दार उघडेच होते ते राहून गेले.

पण त्याही आधी रजिस्टरातला माणूस आपलाच आहे याची खात्री करा. १९३९ च्या नोंदीत पूर्ण जन्मतारीख आहे. ती सिन्नरच्या तहसीलमधल्या कोतवाल बुकाशी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींशी, ताडून बघा. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून आपल्याकडे गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक हे शब्द घराघरांत पोचले आहेत, आणि मोडी वाचून देणारी माणसेही आता सापडतात. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचे नाव मिळेल, मुलाचे मिळेलच असे नाही, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टराचा उताराही काढा. शाळेतली तारीख आणि खरी तारीख यांत फरक असतो, हे आयुष्य शाळेत काढलेल्या तुम्हाला मी काय सांगावे. तात्या-आजोबांनी विलायतेत सांगितलेली तारीख बहुधा शाळेचीच असेल.

मग त्यांचे लग्न. इंग्लंडच्या लग्ननोंदींच्या १९३२ ते १९३९ मधल्या सूचीत बर्मिंगहॅमच्या आसपास शोधा. आडनावाचे इंग्रज कारकुनाने काय केले असेल याचा अंदाज बांधून शोधावे लागेल. 'क्षीरसागर'चा 'किर्सागर' होतो, 'शिरसागर' होतो, कधी मधले नाव म्हणजे वडिलांचेच नाव आडनाव होऊन बसते. दाखला हातात आला की त्यात वराच्या वडिलांचे नाव आणि धंदा असा रकाना असतो. म्हणजे सिन्नरकडच्या तुमच्या पणजोबांचे नाव बर्मिंगहॅमच्या लग्नाच्या रजिस्टरात लिहिलेले असेल. त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो : अविवाहित की विधुर. तिथे 'अविवाहित' लिहिलेले असण्याची शक्यता आहे, ताई. काकी-आजी तेव्हा इथे, याच घरात होत्या. तो कागद उघडताना घरातले कोणी तरी जवळ असू द्या.

लग्नातून त्या बाईंचे माहेरचे आडनाव मिळाले की मुलांचा माग सोपा. इंग्लंडच्या जन्मसूचीत १९११ च्या उत्तरार्धापासून आईचे माहेरचे आडनावही छापलेले असते. बापाचे आडनाव आणि आईचे आडनाव ही जोडी घेऊन १९३३ पासून पुढची वर्षे चाळलीत की त्या दाम्पत्याची किती मुले, कोणत्या तिमाहीत आणि कोणत्या जिल्ह्यात जन्मली ते समोर येईल. काळ्या पट्टीखालचे नाव बहुधा तिथेच, उघड्यावर, सापडेल. मग मृत्यूसूची. एप्रिल १९६९ नंतरच्या मृत्यूसूचीत मृताची जन्मतारीखही दिलेली असते. तात्या-आजोबा त्यानंतर वारले असतील तर स्पेलिंग कितीही बिघडलेले असो, तारखेवरून ते ओळखू येतील. आणि मृत्यूच्या दाखल्यावर खबर देणाऱ्याचे नाव, मृताशी नाते आणि पत्ता असतो. बहुतेक वेळा तो मुलगा, मुलगी किंवा बायको असते.

त्यांनी मृत्युपत्र केले असेल तर तेही बघता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५८ पासून प्रोबेट झालेली, म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेली, मृत्युपत्रे सार्वजनिक आहेत. सरकारी संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधायचे, फी भरून प्रत मागवायची. त्यात मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचे नाव असते, कधी वकिलाच्या कचेरीचेही.

बंद ओळीतली व्यक्ती वारली आहे असा दाखला मिळाला, तर तो पुरावा जोडून ती ओळ उघडण्याची विनंती करता येते, आणि मग ती उघडतात. पण मृत्यूची नोंद सापडली नाही, तर ती व्यक्ती हयात आहे असे धरून चाला आणि तिथेच थांबा. मतदारयाद्या, फेसबुक, शेजाऱ्यांना फोन, यातले काही करू नका.

याच्यापेक्षा जुन्या नोंदींना अशा अडचणी सहसा येत नाहीत. आपल्या नाशिकच्या शरणपूरचेच बघा. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथल्या मिशनमध्ये वाढवले, शिकवले. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. ती मिशन चालवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर आज बर्मिंगहॅम विद्यापीठात अभ्यासकांसाठी ठेवलेले आहे. त्या मुलांच्या वंशजांना किंवा कोणा नाशिककराला ते धुंडाळायचे असेल तर दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावावर डेटा संरक्षणाची आडकाठी येत नाही. तुमची अडचण आहे ती तात्या-आजोबांचा काळ अजून पुरता जुना झालेला नाही, ही.

अमेरिकेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आता घरटी एक माणूस तिकडे आहे म्हणून दोन वाक्ये. तिथली जनगणना ७२ वर्षांनी उघडते, १९५० ची १ एप्रिल २०२२ ला उघडली. नागरिकत्वाच्या जुन्या फायली इमिग्रेशन खात्याच्या वंशशोध विभागाकडून मागवता येतात, पण ज्याची फाइल तो शंभर वर्षांपूर्वी जन्मलेला असावा, नाहीतर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. जन्ममृत्यूच्या दाखल्यांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

आणि परदेशाला बोल लावण्याआधी आपल्या घरात डोकावू या. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घरोघरी भरलेली पत्रके कोणालाच पाहायला मिळत नाहीत, आणि किती वर्षांनी मिळतील अशी मुदतही त्यात नाही. तुमच्या आजोबांच्या घराची १९५१ ची नोंद तुम्हाला मागून मिळायची नाही. त्यांच्या भावाच्या तिकडच्या घराची त्याच वर्षाची नोंद २०५२ मध्ये तुमच्या नातवंडांना दिसेल. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, त्या कुठल्याही कायद्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या. तिथेही आधी आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, मग तुमच्या कुळाचे पान काढतात. तुमच्या घराण्याचे लेख तिथे असतील तर सिंहस्थाच्या गर्दीआधी जाऊन बघा. १९३२ पूर्वी घरातल्या कोणाचे अस्थिविसर्जन झाले असेल, तर तात्या-आजोबांची सही तिथे असू शकते.

आता पुतण्याचे. हो ताई, तो बरोबर आहे, आणि त्याचा राग मनात धरू नका. वंशावळ घरात ठेवली, जवळच्या नातेवाइकांना दाखवली, तर तो घरगुती व्यवहार. युरोपच्या नियमात त्याला सूट आहे, आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. पण तीच वंशावळ इंटरनेटवर जगाला दिसेल अशी टाकली की युरोपात ती सूट संपते. स्वीडनमधल्या बोडिल लिंडक्विस्ट या चर्चच्या स्वयंसेविकेने आपल्या सहकाऱ्यांची नावे, थोडी माहिती, आणि एकीच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर आहे, असे साधेसे आपल्या पानावर लिहिले होते. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की असे सर्वांसाठी प्रसिद्ध करणे म्हणजे घरगुती व्यवहार नव्हे. वाईट हेतू त्या बाईंचाही नव्हता.

तुमच्या पुतण्याच्या मुली अजून लहान असतील. त्यांची पूर्ण नावे, जन्मतारखा आणि आईचे माहेर एकाच पानावर आहे. आयर्लंडमध्ये ज्या कारणाने सूची काढावी लागली, तेच हे. तेव्हा आज ती वंशावळ 'फक्त मला दिसेल' अशी करा. हयात माणसांच्या जागी नुसते 'हयात' लिहा, किंवा प्रत्येकाला विचारून जेवढी मुभा देईल तेवढेच ठेवा. मोबाइल नंबर, पत्ते, आजार, दत्तकविधान, मोडलेली लग्ने यातले काहीच इंटरनेटवर नको. तुमच्या वहीत सगळे राहू द्या, ती वही तुमची आहे. आणि पुतण्याला फोन करून 'काढले रे' एवढे सांगा.

राहिले ते पत्र. कागदांतून मुलाचे किंवा मुलीचे नाव हाती आले, प्रोबेटवर वकिलाची कचेरी सापडली, तर पत्ता मागू नका, पत्र पोचवायला सांगा. 'सोबतचे बंद पाकीट कृपया संबंधित कुटुंबाकडे पाठवावे, उत्तर द्यायचे की नाही हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर' असे वर लिहा. तिथली साल्व्हेशन आर्मी ही संस्था ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध घेते. ती वंशावळीसाठी काम करत नाही, पण तिची रीत मला फार आवडते. माणूस सापडला तरी त्याला विचारल्याशिवाय ती त्याचा पत्ता कोणाला देत नाही. तुम्हीही तीच रीत धरा.

आतल्या पत्रात काय लिहाल? तुम्ही कोण, तात्या-आजोबा तुमचे कोण, त्यांचे गाव, त्यांचे शिक्षण, त्यांच्या आईवडिलांची नावे. घरात त्यांचा तरुणपणीचा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. 'आम्हाला तुमच्याकडून काही नको, तुम्हाला वडिलांच्या घराविषयी कधी जाणून घ्यावेसे वाटले तर आम्ही आहोत' हे वाक्य स्पष्ट घाला, कारण भारतातून अनोळखी पत्र आले की पहिली शंका पैशाची किंवा वारसाहक्काची येते.

काकी-आजींचा उल्लेख या पहिल्या पत्रात करू नका. नव्वदीच्या माणसाला, ज्याने बापाला आयुष्यभर एका रूपात पाहिले, त्याला परक्याच्या पाकिटातून ही बातमी कळू नये. लपवायचे म्हणून मी हे सांगत नाही. पुढे पत्रव्यवहार जमला, त्यांनी विचारले, तर खरे ते सांगा. तुमच्या वंशावळीत मात्र काकी-आजींचे नाव तात्या-आजोबांच्या शेजारी, लग्नाच्या वर्षासकट, ठळक लिहा. त्या १९७१ साली गेल्या. त्यांचे नाव लिहायला कुठला कायदा आडवा येत नाही, आणि घराने इतकी वर्षे जे बोलायचे टाळले ते तुम्ही लिहिलेत तर त्यांना न्याय मिळेल असे मला मनापासून वाटते.

एक व्यवहाराची गोष्ट. दाखले मागवताना इंग्लंडच्या सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरूनच मागवा. शोधताना वर जाहिरातींत मधल्या लोकांची पाने येतात, ती त्याच दाखल्याचे बरेच जास्त पैसे घेतात. आधी लग्नाचा दाखला, मग मृत्यूचा. मुलांचे जन्मदाखले मागवू नका, सूचीतल्या नोंदी तुमच्या कामाला पुरेशा आहेत.